गाडीच्या आतली खडखड: सैल स्क्रू शोधायचे कसे, आवळायचे किती

गणपतीला कोकणात जाऊन आलेल्या गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते. आतून कुठून तरी खडखड येते, पण नक्की कुठून ते कळत नाही. महामार्गावरचे खड्डे, घाटातली वळणं, डिकीत ठासलेलं सामान आणि मागच्या सीटवर दाटीवाटीने बसलेली मंडळी, एवढं सोसून आल्यावर गाडीचं अंग थोडं ढिलं होणारच. गॅरेजमध्ये नेली तर मेकॅनिक खालून सस्पेंशन हलवून बघतो, ठीक आहे म्हणतो, आणि घरी येईपर्यंत तोच आवाज कानाशी चालू असतो. अशा वेळी बहुधा दोष खाली नसतो, आपल्या हाताच्या अंतरावर असतो. डोअर पॅडचा, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूच्या कव्हरचा, एखादा स्क्रू, ग्लोव्ह बॉक्सच्या लॉकचा खिळखिळा झालेला तुकडा, डिकीतला सुटा जॅक.

हे काम घरी, सुट्टीच्या दिवशी, साध्या हत्यारांनी होतं. फक्त सुरुवात स्क्रू ड्रायव्हरने करायची नाही, कानाने करायची. आणि दिसेल तो स्क्रू पिळायचा नाही. प्लास्टिकमध्ये बसलेला स्क्रू सैल राहिला तर आवाज येतो, पण प्रमाणाबाहेर आवळला तर ते भोक कायमचं जातं. सीट आणि सीट बेल्टचे बोल्ट मात्र वेगळ्या जातीचे आहेत. तिथे ढिलाई अजिबात चालत नाही आणि अंदाजाने आवळणंही चालत नाही. हा फरक डोक्यात पक्का ठेवून पुढचं सगळं करा.

खाली मी आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅक गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत, म्हणजे वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, आय-१० असल्या. मोठ्या गाड्यांतही पद्धत हीच, फक्त कव्हरं जास्त असतात.

स्क्रू सैल होतो म्हणजे काय होतं

एक कारण कंपन. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडवे, सरकवणारे धक्के त्याला जास्त लवकर सोडवतात, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं. खड्ड्यातून जाताना गाडीची बॉडी किंचित पिळवटते आणि तिच्यावर बसलेले भाग एकमेकांवर आडवे सरकतात. त्यात आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांची इंजिनं तीन सिलिंडरची. सिग्नलला उभ्या असतानाही त्यांची थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवते.

दुसरं कारण ऊन, आणि आपल्याकडे ते जास्त महत्त्वाचं. नागपूर, अकोला, जळगाव भागात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे सहज जातो. गाडीच्या आत वापरलेलं प्लास्टिक पोलादाच्या पाच ते दहा पट प्रसरण पावतं. मागचा लोखंडी सांगाडा जागच्या जागी राहतो, वरचं प्लास्टिक रोज दुपारी वाढतं, रात्री आक्रसतं. शिवाय दाबाखाली आणि उष्णतेत प्लास्टिक हळूहळू बसतं. स्क्रू जराही फिरलेला नसतो, पण त्याच्या डोक्याखालचं प्लास्टिक दबून पातळ झालेलं असतं, म्हणून पकड जाते. अशा स्क्रूला पाव फेरा पुरतो. जो जोर लावत राहतो, तो आटे घालवतो.

तिसरं कारण माणूस. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम बसवताना कोणी तरी कव्हरं उघडलेली असतात. परत लावताना चारपैकी दोनच स्क्रू लागतात, एखादा आत पडतो, एखादी क्लिप तुटते आणि तशीच दाबून बसवली जाते. म्हणून तपासणी करण्याआधी आठवून बघा: आवाज सुरू होण्याच्या सुमारास गाडीत काय बसवलं किंवा काढलं होतं? एसीचा फिल्टर बदलला असेल, तर पहिला संशय ग्लोव्ह बॉक्सवर घ्या, कारण बहुतेक गाड्यांत तो फिल्टर त्याच्या मागेच असतो.

हत्यारं

फुलीच्या डोक्यासाठी दोन नंबरचा चांगला स्क्रू ड्रायव्हर, एक लांब आणि एक आखूड दांड्याचा. ‘चांगला’ म्हणतो ते मुद्दाम, कारण झिजलेल्या टोकाने स्क्रूची फुली खाल्ली की पुढचं सगळं काम अवघड होतं. जपानी घराण्याच्या गाड्यांत पुष्कळदा जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, पद्धतीची फुली असते. तिच्यात नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर तळापर्यंत बसत नाही आणि जोर दिला की निसटतो. जेआयएस ड्रायव्हर मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर नीट सरळ धरून, आतल्या बाजूला भरपूर दाब देऊन मगच फिरवा. स्कोडा, फोक्सवॅगनमध्ये चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू असतात, त्यांना टी-२० आणि टी-२५ बिट लागतात.

याशिवाय गोटी पान्याचा छोटा सेट आणि रॅचेट. आतल्या फिटिंगला दहा नंबरची गोटी सगळ्यात जास्त लागते, सीटला बहुधा चौदाची. पॅनेल उचकटायला प्लास्टिकची पट्टी घ्या, सपाट स्क्रू ड्रायव्हर नको. तो कडेवर असा व्रण पाडतो की नंतर प्रत्येक वेळी दार उघडताना दिसतो. डोक्याला लावायची बॅटरी, दांड्याचं चुंबक, कापडी टेप, थोडी फेल्टची (नमद्यासारख्या मऊ, जाड कापडाची) पट्टी आणि खोक्यावर लावतात तो कागदी टेप. कागदी टेपचा उपयोग खूप आहे: संशयित जागा खूण करायला, आणि काढलेला स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकाशेजारी चिकटवून ठेवायला.

आधी गाडी रिकामी करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण निम्मे आवाज इथेच सापडतात. दारांच्या खणांतल्या बाटल्या, पावत्या, नाणी, चष्म्याचं घर, सीटखालची छत्री, ग्लोव्ह बॉक्समधली कागदपत्रं, आरशाला टांगलेली माळ, सगळं बाहेर. डिकीतून जॅक, पाना, टोईंगचा हूक, धोक्याचा त्रिकोण काढा. स्टेपनीवरचा मोठा प्लास्टिकचा नट हाताने फिरवून बघा. स्टेपनी हलत असेल तर प्रत्येक खड्ड्याला मागून दणका येतो आणि माणूस शॉकअपला दोष देतो.

हातमोजे न घालता उघड्या हाताने फरशी चाचपा, मॅटखालीसुद्धा. इथे एखादा स्क्रू सापडला तर तो खिशात टाकून विसरू नका, फोटो काढा. त्याची लांबी, डोकं आणि आटे बघून तो कुठून सुटला हे पुढे ओळखता येतं. जाड आटे आणि अणकुचीदार टोक असेल तर प्लास्टिकमधला, बारीक आटे आणि सपाट टोक असेल तर धातूच्या नटातला. ड्रायव्हरच्या पायाशी सापडलेला कुठलाही भाग गंभीर समजा. पेडलखाली अडकलेली छोटीशी वस्तूही ब्रेक पूर्ण दाबू देत नाही.

आवाज ओळखण्याची फेरी

रिकामी गाडी घेऊन एखाद्या ओळखीच्या, कमी रहदारीच्या खडबडीत रस्त्यावर जा. एसी, पंखा, गाणी बंद, काचा वर. वेग ताशी २० ते ३० किलोमीटर. गाडी चालवणारा एक आणि ऐकणारा दुसरा, हे बंधनच समजा. चालवता चालवता डॅशबोर्डखाली डोकं घालणं हा अपघाताला आवतणाचा प्रकार आहे.

शेजारी बसलेल्याने तळहाताने एकेक भाग दाबत जावं: डॅशबोर्डचा वरचा भाग, एसीच्या जाळ्या, ग्लोव्ह बॉक्स, कन्सोल (दोन पुढच्या सीटांमधला गिअरभोवतीचा भाग), डोअर पॅड. जिथे हात ठेवल्यावर आवाज थांबतो किंवा बदलतो, तिथे कागदी टेपचा तुकडा लावा. लगेच स्क्रू शोधू नका, फेरी पूर्ण होऊ द्या.

आवाजाचा पोत खूप काही सांगतो. कोरडी खडखड किंवा टकटक म्हणजे दोन भागांत फट आहे आणि ते एकमेकांवर आपटतात. हा सैल स्क्रूचा किंवा तुटलेल्या क्लिपचा आवाज. कुरकुर किंवा करकर म्हणजे दोन पृष्ठभाग घट्ट टेकून घासतात. इथे स्क्रू आवळून उपयोग नाही, उलट वाढेल. मध्ये फेल्ट लावावी लागते. बारीक झणझण ठरावीक इंजिनवेगालाच येत असेल, तर एखादं पातळ पॅनेल थरथरतंय. खुळखुळ म्हणजे सुटी वस्तू, आणि वळणावर ती एका बाजूकडून दुसरीकडे गेली तर खात्रीच. पंख्याचा वेग वाढवल्यावर टकटक वाढली तर ब्लोअरच्या, म्हणजे एसीची हवा आत फेकणाऱ्या, पंख्यात काडी, पान किंवा पडलेला स्क्रू आहे.

हीच फेरी सकाळी थंड गाडीत आणि दुपारी तापलेल्या गाडीत अशी दोनदा करता आली तर फार चांगलं. सकाळी येणारा आणि दुपारी गायब होणारा आवाज प्लास्टिकच्या फटीचा असतो. ऊन लागलं की प्लास्टिक फुगून फट भरते.

उभ्या गाडीतही एक चाचणी होते. मोबाईलवर ठरावीक कंपनसंख्येचा सूर काढणारी ॲप मिळतात. गाडीच्या स्पीकरवर ३० हर्ट्झपासून हळूहळू २०० हर्ट्झपर्यंत सूर चढवत न्या. डोअर पॅड, स्पीकरची जाळी, मागचा पार्सल ट्रे यांतला सैल भाग आपापल्या सुराला नेमका झणझणतो. गाडी स्थिर असल्यामुळे हात ठेवून जागा पकडणं सोपं जातं.

एअरबॅगची मर्यादा

उघडायला सुरुवात करण्यापूर्वी हे वाचाच. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ संपेपर्यंत शेजारच्या सीटचीही. म्हणजे गेल्या काही वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक गाडीच्या स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये स्फोटक द्रव्य असलेला भाग आहे. वरच्या मॉडेलमध्ये तो सीटच्या कडेला आणि छताच्या कडेलाही असतो. पिवळ्या कनेक्टरला किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरला हात लावायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी बराच धोका टळतो. स्टिअरिंगचा मधला भाग, डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवरचं झाकण आणि एअरबॅगचं चिन्ह असलेली खांबांची (दारांशेजारी छताला आधार देणाऱ्या उभ्या भागांची) कव्हरं घरी उघडू नका. तिथून आवाज येत असेल तर सर्व्हिस सेंटर.

स्टिअरिंगच्या खालचं कव्हर किंवा मधला कन्सोल काढायचा असेल, तर इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडा आणि किमान दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठलेली असते, ती उतरायला वेळ लागतो. बॅटरी सोडल्यावर घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुसली जातात, काही गाड्यांत म्युझिक सिस्टीम कोड मागते. तो कोड आधी शोधून ठेवा. नुसते बाहेरून दिसणारे स्क्रू तपासायचे असतील तर बॅटरी सोडायची गरज नाही.

सीट आणि बेल्ट: सर्वांत आधी, सर्वांत सावकाश

पुढच्या प्रत्येक सीटला फरशीत साधारण चार बोल्ट असतात. सीट पूर्ण मागे सरकवली की पुढचे दोन दिसतात, पूर्ण पुढे घेतली की मागचे दोन. त्यावर कधी प्लास्टिकची टोपी असते. बोल्टच्या डोक्यावर रंगाची रेघ दिसली तर ती नीट बघा. कारखान्यात किंवा वर्कशॉपमध्ये बोल्ट ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे मोजून लावलेल्या पिळण्याच्या जोराने, आवळल्यावर अशी खूण करतात. डोक्यावरची आणि शेजारच्या पत्र्यावरची रेघ एका ओळीत असेल तर बोल्ट हललेला नाही. रेघ तुटलेली असेल तर तो फिरला आहे.

मग सीट लॉक करून पाठ दोन्ही हातांनी धरा आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा. रुळात किंचित हालचाल असणं नैसर्गिक आहे. पण ‘टक’ असा स्पष्ट आवाज, किंवा ब्रेक मारल्यावर सीट पुढे सरकल्यासारखी वाटणं नैसर्गिक नाही. बोल्ट सैल मिळाला तर हाताने बसवून, टॉर्क पान्याने (हा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळायचा. छोट्या गाड्यांत सीटच्या बोल्टचा आकडा साधारण ३० ते ५० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. टॉर्क पाना नसेल तर बोल्ट हाताच्या पान्याने बसवून गाडी हळू चालवत थेट वर्कशॉपला न्या आणि समोर उभं राहून टॉर्क करून घ्या. यात संकोच करू नका. अपघाताच्या वेळी माणसाला धरून ठेवणारी साखळी इथून सुरू होते.

सीटखाली हात घालताना वायर ओढली जाणार नाही याची काळजी घ्या. बेल्ट लावल्याची सूचना देणाऱ्या सेन्सरची, आणि असेल तर बाजूच्या एअरबॅगची जोडणी तिथेच असते.

सीट बेल्टची वरची कडी खांबावर असते. तिच्यावरचं झाकण उघडलं की बोल्ट दिसतो. इथे पुष्कळांची गल्लत होते: कडी बोल्टभोवती सहज फिरते म्हणून ती सैल आहे असं वाटतं. ती फिरायलाच हवी. बोल्टला खास खांदा आणि वॉशर असतात, त्यामुळे बोल्ट पूर्ण घट्ट असूनही कडी मोकळी राहते. फिरणं थांबावं म्हणून पिळू नका. बोल्ट स्वतः हलतोय का एवढंच बघा. हलत असेल, गंजला असेल किंवा कोणी बाजारातला दुसरा बोल्ट घातलेला दिसला, तर घरी दुरुस्ती करायची नाही. हा बोल्ट उच्च ताकदीच्या पोलादाचा असतो आणि हार्डवेअरच्या दुकानातला त्याची जागा घेऊ शकत नाही. बेल्ट लावलेला नसताना त्याची बक्कलमध्ये अडकणारी धातूची पट्टी खांबाच्या प्लास्टिकवर आपटूनही टकटक येते, ते वेगळं. बेल्ट लावून फेरी मारली की कळतं.

मागच्या सीटची पाठ ज्या लोखंडी कडीत अडकते, तिथला आवाज फार फसवा असतो, कारण तो थेट सस्पेंशनसारखा ऐकू येतो. पाठ पुढे पाडून कडीचे बोल्ट बघा. ते घट्ट असतील आणि तरी खडखड असेल, तर कडीवर कापडी टेपचे एक-दोन वेढे द्या. पाठ लावल्यावर लॉक पूर्ण बसल्याची खात्री करा. टेप जाड झाली तर लॉक अर्धवट बसतं.

डॅशबोर्ड, ग्लोव्ह बॉक्स, कन्सोल

ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळचं खालचं कव्हर आधी हलवा. त्याचे एक-दोन स्क्रू आणि क्लिपा असतात. हे कव्हर लोंबलं तर पायात येतं, म्हणून इथला गळालेला स्क्रू त्याच दिवशी लावा. स्टिअरिंगच्या दांड्याचं दोन भागांचं कव्हर खालून स्क्रूंनी जोडलेलं असतं. ते अगदी हलक्या हाताने आवळा, कारण जास्त आवळलं की दोन भागांची सांध फाकते आणि लिव्हरला घासते.

ग्लोव्ह बॉक्स उघडून त्याच्या लॉकची वरची कडी चाचपा. ती बहुधा दोन स्क्रूंवर असते. स्क्रू घट्ट असूनही झाकण हलत असेल तर कोपऱ्यातली रबरी बटणं बघा. ती झिजलेली किंवा पडलेली असतात. बऱ्याच गाड्यांत दोन्ही बाजू आत दाबल्या की डबा पूर्ण खाली येतो. मग मागे एसी फिल्टरचं झाकण, वायरिंगचा जुडगा आणि ब्लोअर दिसतो. लोंबणाऱ्या वायरी कापडी टेपने गुंडाळून बांधा. प्लास्टिकवर आपटणारा कनेक्टर हुबेहूब सैल स्क्रूसारखा वाजतो.

बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम असेल तर तिच्या चौकटीला धरून हलवा. मूळ सिस्टीम दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटवर बसलेली असते. नवी बसवताना ब्रॅकेटचे काही स्क्रू राहून जातात, मागचा आधार तर पुष्कळदा लागतच नाही. मग एवढं वजन पुढच्या चौकटीवर लोंबतं आणि आजूबाजूची जाळीही झणझणते.

कन्सोलचे स्क्रू पुढे पायाजवळ दोन्ही बाजूंना, आणि मागे हँडब्रेकच्या आसपास किंवा छोट्या झाकणाखाली असतात. झाकण प्लास्टिकच्या पट्टीने काढा. कन्सोलखाली फरशीवर एअरबॅगचा नियंत्रक असतो. त्याला आणि त्याच्या बोल्टांना हात लावू नका.

दारं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दार रोज आपटलं जातं, त्यात स्पीकर असतो, काच वरखाली होते, आणि आपण उठताना-बसताना त्याच्या हँडलला धरून सगळं वजन टाकतो.

आधी दार उघडून हळूहळू पुढे-मागे झुलवा. आत काही घरंगळलं तर दाराच्या पोटात स्क्रू किंवा नाणं पडलंय. मग काच पूर्ण वर, अर्धी, पूर्ण खाली अशा तीन स्थितींत दार लावून ऐका. फक्त अर्ध्या काचेला खडखड येत असेल तर काचेच्या रबरी खोबणीचा दोष आहे. त्या रबराला सिलिकॉन स्प्रे चालतो. खनिज तेल किंवा ग्रीस लावू नका, दाराचं रबर त्याने फुगतं.

डोअर पॅडचे स्क्रू लपवलेले असतात: एक आतल्या उघडण्याच्या हँडलच्या वाटीत, एक-दोन हात टेकवायच्या खोलगट भागाच्या तळाशी, कधी एखादा कडेला. बाकी पॅड कडेच्या क्लिपांवर तोललेलं असतं. हँडलजवळचे स्क्रू आवळले आणि तरी खालची कड हलत असेल तर क्लिप तुटली आहे. पॅड काढायचं तर आधी सगळे स्क्रू, मग खालून क्लिपा, मग पॅड वर उचलून सोडवा. काचेच्या बटणांची वायर आत जोडलेली असते, पॅड एकदम ओढू नका.

आत पॅडमागे प्लास्टिकचा पातळ पडदा काळ्या चिकट गोंदाने लावलेला असतो. तो निरुपयोगी वाटतो म्हणून अनेक जण फाडून टाकतात. असं कधीही करू नका. काचेवरून दारात उतरणारं पावसाचं पाणी हा पडदा आतल्या बाजूला येऊ देत नाही. तो नीट परत चिकटवला नाही तर जुलैत फरशी ओली होते, गालिच्याखाली पाणी साचतं आणि तिथल्या वायरिंगच्या जोडण्या गंजतात. पॅड उघडलंच आहे तर स्पीकरचे स्क्रू, काचेच्या यंत्रणेचे बोल्ट आणि दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं एकदाच बघून घ्या.

पॅड बसवताना मूळ स्क्रूपेक्षा लांब स्क्रू वापरू नका. पुढे काच आहे आणि वायर आहे.

छत आणि डिकी

छताला धरायचे हँडल, सनवायझर, मधला दिवा. हँडलचे स्क्रू छोट्या झाकणांखाली असतात. इतकंच. छताच्या कडेला एअरबॅगचं चिन्ह असेल तर हँडलचे स्क्रू बाहेरून आवळण्यापलीकडे जाऊ नका.

डिकीत पार्सल ट्रेच्या खुंट्या झिजतात, तिथे फेल्टचा तुकडा लावा. डिकीच्या दाराला कोपऱ्यांवर रबरी ठोकळे असतात, काही गाड्यांत ते फिरवून उंची बदलता येते. दार बंद असताना हाताने दाबल्यावर हलत असेल तर ठोकळे थोडे बाहेर फिरवा. मागची नंबरप्लेट बाहेर असली तरी तिची खडखड आत ऐकू येते, तीही हलवून बघा.

आवळण्याची रीत

प्लास्टिकमधला स्क्रू काढून परत लावताना आधी उलटा फिरवा, म्हणजे सोडवायच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने. एका क्षणी तो ‘टिक’ करून खाली बसतो. तिथे जुन्या आट्याची सुरुवात असते. आता सुलट फिरवा. तो सहज, न अडता जाईल. सुरुवातीलाच जोर लागला तर थांबा, कारण स्क्रू नवीन आटे कोरतोय आणि जुने कापतोय. असं दोनदा-तीनदा झालं की भोक गेलं.

स्क्रूचं डोकं टेकलं की जेमतेम अष्टमांश ते पाव फेरा आणि बस. दांडा मुठीत न धरता बोटांत धरला तर प्रमाणाबाहेर जोर जातच नाही. ड्रिल मशीनवर बिट लावून हे काम करू नका. एका भागाचे अनेक स्क्रू असतील तर सगळे आधी हाताने लावा, भाग जागेवर बसू द्या, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

स्क्रू नुसताच फिरत राहिला म्हणजे आटे गेले. आधी भागाच्या मागच्या बाजूला कोरलेली अक्षरं वाचा. पीपी लिहिलं असेल तर ते पॉलीप्रॉपिलीन. त्याला एपॉक्सी किंवा झटपट गोंद धड चिकटत नाही, मेहनत वाया जाते. तिथे पातळ धातूची यू क्लिप भोकावर सरकवून तिच्यात स्क्रू लावणं हा टिकाऊ उपाय. एबीएस (दुसऱ्या जातीचं, कडक प्लास्टिक) असेल तर भोक एपॉक्सीने भरून, पूर्ण सुकल्यावर स्क्रूच्या दांड्यापेक्षा बारीक भोक पाडून नवे आटे धरता येतात. तेवढ्याच लांबीचा, पण किंचित जाड स्क्रू हा तिसरा मार्ग, मात्र भोकाभोवतीचा प्लास्टिकचा खांब तडकलेला नसेल तरच.

आटे पकडून ठेवणारं निळं द्रव पुष्कळ जण सुचवतात. धातूत धातू असेल तिथे ते चांगलंच. प्लास्टिकमध्ये नको, विशेषतः एबीएस आणि पॉलीकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात. सीट आणि बेल्टच्या बोल्टांवरही आपल्या मनाने लावायचं नाही, तिथे मॅन्युअल सांगेल तेच.

तुटलेली क्लिप गोंदाने चिकटवण्यात वेळ घालवू नका. जुनी क्लिप हातात घेऊन ॲक्सेसरीच्या किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि भोकाच्या मापाची, तेवढ्याच उंचीची घ्या. दोन जास्त घ्या, काढताना आणखी एखादी तुटतेच. भोकापेक्षा एक मिलिमीटरने जाड क्लिप ठोकून बसवली तर पुढच्या वेळी पॅडच फाटतं.

परत फेरी, आणि तरीही आवाज राहिला तर

सगळं लावल्यावर हातात एकही स्क्रू उरता कामा नये. उरला तर तो कुठला ते सापडेपर्यंत काम संपलेलं नाही. बॅटरी जोडून इग्निशन चालू करा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. विझला नाही तर सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून घ्या, तोपर्यंत ती एअरबॅग उघडेलच असं धरून चालू नका.

मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, तीच माणसं घेऊन फेरी. टेप लावलेली प्रत्येक जागा पुन्हा दाबून ऐका. प्लास्टिक नव्या दाबाला बसायला थोडे दिवस घेतं, म्हणून आठवड्याभराने आवळलेले स्क्रू फक्त टेकून बघा. सीटचे बोल्ट टॉर्क केले असतील तर त्यांच्यावर पांढऱ्या मार्करने रेघ ओढा, पुढच्या खेपेला नुसतं बघून कळेल.

आतलं सगळं घट्ट असूनही खडखड राहिली तर ती कधी येते ते नोंदवा. फक्त इंजिन सुरू असताना, गाडी उभी असतानाही येत असेल, तर सायलेन्सरच्या वरची उष्णता अडवणारी पत्र्याची ढाल बघायला सांगा. फक्त एका चाकाने खड्डा घेतल्यावर टकटक येत असेल, तर स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीची) लिंक रॉड बघायला सांगा. ही नोंद कागदावर लिहून मेकॅनिकच्या हातात द्या आणि ‘आतले स्क्रू, क्लिपा, सीट, डिकी मी तपासली आहे’ हे आवर्जून सांगा, म्हणजे तो थेट खालून सुरुवात करेल.